भंगीमुक्तीच्या वाटेवर सापडलेले इंधन

शेणापासून जळाऊ वायू निघतो, ही गोष्ट आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. गावोगावी गोबर गॅसच्या टाक्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या काही चालल्या, पुष्कळशा बंद पडल्या. २०१८ साली केंद्र सरकारने गोबरधन आणि सतत या नावांच्या दोन योजना जाहीर केल्यापासून टाकाऊ पदार्थांतून ऊर्जा हा विषय सभासंमेलनांतही नित्याचा झाला आहे. या चर्चेत हिशेब असतो तो आयात होणाऱ्या तेलाचा, परकीय चलनाचा आणि हवेत मिसळणाऱ्या कर्बवायूचा. तो हिशेब महत्त्वाचा नाही असे कोण म्हणेल? परंतु सुमारे सत्तर वर्षांपूर्वी कोकणातील एका खेड्यात, तत्त्वज्ञानाची प्राध्यापकी सोडून आलेल्या एका गृहस्थाने हा उद्योग आरंभला, तेव्हा तो वेगळ्याच हिशेबाने आरंभला होता. त्याच्या डोळ्यांसमोर होती मैल्याने भरलेली पाटी आणि ती डोक्यावर घेऊन पहाटेच्या अंधारात मागच्या गल्लीने जाणारी बाई.

सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन यांना महाराष्ट्र कोकणचे गांधी म्हणून ओळखतो. अशा पदव्या देण्यात आपण मोठे उदार आहोत. त्यांत गौरव असतो हे खरे, पण ज्याचा गौरव करावयाचा त्याचे स्वतःचे असे जे काही असते ते मोठ्या नावाच्या सावलीत झाकून जाते. अप्पांच्या बाबतीत तसेच घडले. ते गांधीजींचे निष्ठावंत अनुयायी होते, गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांनीच केला, हे सर्वांस माहीत असते. मात्र गुरूने जो प्रश्न नैतिक पातळीवर उभा केला तो शिष्याने विटा, माती, चुना आणि लोखंड यांच्या पातळीवर उतरविला, याची आठवण फार थोड्यांना आहे.

अप्पांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील आगरगुळे या गावी, एका ब्राह्मण कुटुंबात झाला. तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्यांनी उच्च शिक्षण पुरे केले आणि पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आलेल्या पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात अध्यापन केले. प्राध्यापकाची नोकरी म्हणजे त्या काळी मध्यमवर्गीय तरुणाच्या आकांक्षेचे शिखर. असहकाराच्या लाटेत त्यांनी ते शिखर सोडले, साबरमतीच्या आश्रमाचा अनुभव घेतला आणि आपली कर्मभूमी म्हणून पुन्हा रत्नागिरी जिल्हाच निवडला. खादी, राष्ट्रीय शिक्षण, अस्पृश्यतानिवारण, सत्याग्रह, कारावास हा क्रम त्या पिढीच्या अनेक कार्यकर्त्यांच्या चरित्रात सापडतो, तसा अप्पांच्याही सापडतो. त्याचा तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही. माझी जीवनयात्रा या त्यांच्या आत्मचरित्रात तो जिज्ञासूंना मिळेल.

वेगळेपणा प्रथम दिसला तो १९३२ साली, रत्नागिरीच्या तुरुंगात. सत्याग्रही कैदी म्हणून तेथे असताना अप्पांनी तुरुंगाधिकाऱ्यांकडे एक मागणी केली. चांगले अन्न, पुस्तके, भेटीगाठींची सवलत अशा मागण्या अधिकाऱ्यांच्या परिचयाच्या होत्या. अप्पांची मागणी अशी होती की, आपल्याला संडाससफाईचे काम करू द्यावे. तुरुंगात हे काम भंगी समाजातील कैद्यांकडे असे आणि उच्चवर्णीयाने ते स्वेच्छेने मागितले तरी त्यास ते देता येत नसे. धर्मात ढवळाढवळ नको म्हणणाऱ्या परकीय सरकारने आपल्या तुरुंगाच्या भिंतींआड जातिव्यवस्थेची अशी चोख व्यवस्था ठेवली होती! मागणी नाकारली गेली, तेव्हा अप्पांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला. ही वार्ता येरवड्याच्या तुरुंगात पोहोचताच गांधीजींनी ३ डिसेंबर १९३२ रोजी सहानुभूतीचा उपवास सुरू केला. पुणे करार होऊन जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. त्या प्राणांतिक उपोषणाचा थकवाही पुरता गेला नव्हता. सरकारने फेरविचाराचे आश्वासन दिले आणि तो उपवास एक-दोन दिवसांतच सुटला. ज्या कामातून सुटका व्हावी म्हणून लाखो माणसे पिढ्यान्‌पिढ्या तळमळत होती ते काम मिळावे म्हणून एका माजी प्राध्यापकाने प्राण पणाला लावले, हा प्रसंग त्या काळी फार गाजला.

या प्रसंगाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काँग्रेस आणि गांधी यांच्या अस्पृश्यताविषयक कार्यावर १९४५ साली जो ग्रंथ लिहिला, त्यात सफाईच्या कामाचे उदात्तीकरण करण्यावर कठोर टीका आहे. घाण उपसणे हे पवित्र सेवाकार्य आहे असा उपदेश ज्यांच्यावर ते काम जन्माने लादले गेले आहे त्यांनाच करावयाचा, ही क्रूर थट्टा होय, असा त्या टीकेचा आशय आहे. ही टीका निरुत्तर करणारी आहे. उच्चवर्णीयाने महिनाभर झाडू हाती घेतला तर त्याच्या मनाची शुद्धी होईल कदाचित. पण महिना संपल्यावर तो झाडू खाली ठेवू शकतो आणि ज्याच्या जन्माबरोबर झाडू आला तो ठेवू शकत नाही. प्रायश्चित्ताने पाटी हलकी होत नाही.

अप्पांच्या पुढील आयुष्याचा रोख पाहता, ही मर्यादा त्यांच्या ध्यानी आली होती असेच म्हणावे लागते. सफाईचे काम त्यांनी स्वतः जन्मभर केले. एवढ्यावर न थांबता मेलेल्या जनावरांची कातडी सोलण्याचे आणि कमावण्याचे काम ते शिकले आणि कणकवलीस त्यांनी चर्मालय चालविले. महार समाज मेलेली गुरे ओढण्याचे काम स्वाभिमानाने नाकारू लागला होता, त्या काळात एका ब्राह्मणाने ढोराच्या अंगावर सुरी चालवावी, हे सनातन्यांना तर सहन होण्यासारखे नव्हतेच. पण सुधारक म्हणविणाऱ्यांच्या घरांतूनही अप्पांना किती मोकळेपणाने पाट मांडला जात असेल याची कल्पना करता येते. हळूहळू त्यांचे लक्ष काम कोणी करावे या प्रश्नाकडून ते काम उरतेच का या प्रश्नाकडे वळले.

१९४८ साली कणकवलीजवळ वागदे येथे त्यांनी गोपुरी आश्रम स्थापन केला. तेव्हा हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता, १९८१ पासून तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. स्वातंत्र्य मिळाले होते आणि जुने सत्याग्रही विधिमंडळाच्या वाटेला लागले होते. अप्पा खत आणि संडास यांच्या मागे लागले. याच सुमारास मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली आणि पुढे केंद्रानेही १९५७ मध्ये मलकानी समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत बंद व्हावी, हातगाड्या द्याव्यात, मोजे द्यावेत, अशा शिफारशींचा तो काळ. गोपुरीतील विचार याच्या पलीकडे जाणारा होता. मैल्याचे मैलापण ज्या जागी तो पडतो त्याच जागी नाहीसे करता आले, तर तो उचलावयास माणूस लागणारच नाही, हे त्याचे मूळ सूत्र.

गोपुरी संडास या नावाने जी रचना ओळखली गेली तिचे तत्त्व अगदी साधे आहे. बंद खान्यात पडणाऱ्या मैल्यावर माती, राख, पालापाचोळा टाकावयाचा. खाना भरला की तो झाकून दुसरा वापरावयाचा. आणि पहिल्यातील सारे कुजून त्याची दुर्गंधी जाईपर्यंत थांबावयाचे. काही महिन्यांनी दार उघडले की बाहेर येते ते भुसभुशीत, काळसर खत. ते उचलावयास जात लागत नाही. कुठलाही शेतकरी फावड्याने ते शेतात नेऊन टाकील. आपल्या भाषेने या खताला सोनखत असे नाव पूर्वीच देऊन ठेवले होते. नाव सोन्याचे आणि ते वाहणाऱ्याला मात्र विहिरीवर पाणी नाही, या विसंगतीकडे भाषेचे लक्ष गेले नाही एवढेच.

कोकणच्या जमिनीचा विचार केला म्हणजे या खताचे मोल अधिक कळते. जांभ्या दगडाची उथळ माती, तीवर चार महिने कोसळणारा पाऊस आणि त्या पावसाबरोबर वाहून जाणारा कस. त्यात भातरोपांच्या वाफ्यांवर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या पसरून जाळण्याची राबाची रीत. उरलेल्या शेणाच्या शेणी थापून त्या चुलीत जावयाच्या. जे जमिनीला मिळावयास हवे ते अग्नीला आणि जे अग्नीला मिळावयास हवे ते जंगल तोडून, अशी ही दुहेरी नासाडी. शेण जाळावे की शेतात घालावे, हा भारतीय शेतकऱ्यापुढील जुना पेच आहे. गॅसची टाकी हा पेच सोडविते, कारण ती शेणातील ज्वलनशील भाग तेवढा काढून घेते आणि नत्रासकट खत परत देते.

हा शोध अप्पांचा नव्हे आणि तसा कोणी दावाही केलेला नाही. मुंबईत माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रयस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्यापासून निघालेल्या वायूवर दिवे लागल्याची नोंद आहे. १९३९ च्या सुमारास भारतीय कृषी संशोधन संस्थेत शेणावर पद्धतशीर प्रयोग झाले; १९५१ साली जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टाकीची रचना सिद्ध केली आणि साठीच्या दशकापासून खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तिचा देशभर प्रसार केला. या साऱ्यांचा भर शेणावर होता. अप्पांनी कणकवलीस संडासाची मोरी थेट गॅसच्या टाकीला जोडली. मैला हाताने हाताळावा लागू नये, उघड्यावर यावा लागू नये, माशी बसू नये, आणि एवढे करून तो घरच्या बाईला चूल फुंकण्याच्या त्रासातून सोडवील तर सोडवावा, असा तो क्रम. इंधन त्यांना वाटेत सापडले. निघाले होते ते दुसऱ्याच मुक्कामाला.

टाकीत घडते ते असे. शेण किंवा मैला पाण्यात कालवून हवाबंद विहिरीत सोडला की, प्राणवायूशिवाय जगणारे सूक्ष्म जंतू त्यावर काम करू लागतात. जंतूंचा एक वर्ग त्यातील जटिल पदार्थ फोडून आम्ले बनवितो, दुसरा त्या आम्लांपासून मिथेन तयार करतो. निघणाऱ्या वायूत साधारणपणे ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतांशी कर्बाम्ल वायू. या जंतूंना ऊब लागते. सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान त्यांना मानवते, म्हणून कोकणासारखा उष्ण प्रदेश त्यांना अनुकूल आणि उत्तरेकडील हिवाळा प्रतिकूल. विहिरीवर उपडी घातलेली लोखंडी टाकी वायू साठेल तशी वर उचलली जाते आणि वापरला जाईल तशी खाली बसते. वरच्या टोकाला बसविलेल्या नळीने वायू स्वयंपाकघरात जातो. ज्योत निळी, धूर नाही, काजळी नाही. विहिरीतून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते ती मळी. तिला दुर्गंधी जवळजवळ नसते.

आता थोडे गणित. एका माणसाच्या दिवसभराच्या मैल्यापासून फार तर ०.०३ घनमीटर वायू मिळतो. एका माणसाचा दोन वेळचा स्वयंपाक व्हावयास ०.२ ते ०.३ घनमीटर लागतो. म्हणजे एकाची चूल पेटावयास आठ-दहा माणसांचा संडास हवा! निव्वळ इंधनाच्या दृष्टीने हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे आणि ज्यांनी अशा टाक्यांची जाहिरात फुकटचा गॅस म्हणून केली त्यांनी लोकांची दिशाभूल केली. गोठ्यातील एक जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देते आणि त्यापासून ०.३ ते ०.४ घनमीटर वायू मिळतो. तेव्हा मैला शेणाला जोडूनच वापरणे शहाणपणाचे. त्यात आणखी एक लाभ आहे. मैल्यात कर्बाच्या मानाने नत्र फार आणि शेणात ते बेताचे. दोहोंच्या मिश्रणाने जंतूंचे काम सुरळीत चालते व खताचाही कस वाढतो. वसतिगृहे, शाळा, तुरुंग, रुग्णालये, मोठ्या वस्तीचे सार्वजनिक संडास येथे मात्र मैल्याचा हिशेब एकट्यानेही जुळू शकतो. कारण तेथे तो कुठे तरी न्यावाच लागतो आणि नेण्याचा खर्च, पैशांतला आणि माणुसकीतला, आपण कधी धरलेलाच नसतो.

या कार्यातील खरी अडचण यंत्राची नव्हती. लोखंडी टाकी कोकणच्या दमट हवेत गंजते, पाणी पुरेसे लागते, बांधणीला पैसा लागतो, या अडचणी होत्याच. पण त्यांना उपाय होते. संडासातून आलेल्या गॅसवर भात शिजवावयाचा, या कल्पनेने जो शहारा येतो त्याला उपाय कारागिराकडे नाही. मिथेन शेणातून आला काय, दलदलीतून आला काय, की भूगर्भातील विहिरीतून आला काय, तो मिथेनच. आणि अग्नी सर्व काही शुद्ध करतो असे मानणाऱ्या समाजाला तर हे समजावयास कठीण पडू नये. परंतु शेणाने सारविलेल्या जमिनीवर पान मांडणारा, पंचगव्य घेणारा हा समाज. त्याच्या लेखी विटाळ हा पदार्थात नसतो, पदार्थ उचलणाऱ्याच्या जातीत असतो. गायीचे शेण घरची सून उचलते म्हणून ते पवित्र. मैला भंगी उचलतो म्हणून तो अस्पृश्य, आणि मैला उचलतो म्हणून भंगीही अस्पृश्य. हे वर्तुळ गॅसच्या टाकीने एका ठिकाणी तुटते. मैला कोणीच उचलला नाही, तर अस्पृश्य कोणाला ठरवावयाचे? अप्पांच्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाचा उपयोग कुठे झाला असेल तर तो येथे.

त्यांच्या विचाराला मर्यादा होत्या. तो खेड्याचा विचार होता; ज्याच्या दारात दोन गुरे, परसात चार हात जागा आणि जवळ शेत आहे, त्या माणसाचा. मुंबईच्या चाळीतील माणसाला दोन खान्यांचा संडास आणि शेणाची विहीर देता येत नाही. शहरांनी म्हणून दुसरा मार्ग धरला. पाण्याने ढकलावयाचा, भुयारी गटारात सोडावयाचा आणि विसरावयाचा. त्यामुळे डोक्यावरची पाटी गेली हे खरे. पण गटार तुंबते, मैल्याची टाकी भरते, आणि मग त्यात माणूस उतरवावा लागतो. ज्या वायूवर गोपुरीत भात शिजत होता तोच वायू, गंधकयुक्त विषारी वायूच्या संगतीने, तेथे माणसाचा जीव घेतो. कोरडे संडास आणि मैला वाहण्याची प्रथा बंद करणारा कायदा संसदेने १९९३ साली केला, तो पुरेसा ठरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा केला, आणि तरीही गटारात गुदमरून मेलेल्या कामगारांच्या बातम्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर येतच राहिल्या आहेत. त्यांची आडनावे वाचली म्हणजे पाटी कुठे गेली ते कळते. टाकाऊतून ऊर्जेच्या नव्या योजनांत टनांचे आणि घनमीटरांचे आकडे असतात. त्या टाकीत कचरा ओतणारा, ती तुंबली तर आत उतरणारा कोण, हा रकाना त्या तक्त्यात फारसा आढळत नाही. गोपुरीच्या तक्त्यात तो पहिला रकाना होता.

आरोग्याच्या दृष्टीनेही सावधगिरी लागते. टाकीत राहून मैल्यातील रोगजंतू पुष्कळ कमी होतात, पण जंतांची अंडी चिवट असतात; म्हणून मळी तशीच भाजीच्या वाफ्यात न सोडता वाळवून किंवा पालापाचोळ्याबरोबर कुजवून वापरणे इष्ट. टाकीने सारे काम केले असे समजून जो पुढचा आळस करील, त्याने रोगाला दुसऱ्या दाराने आत घेतले असेच होईल.

अप्पांचे निधन १० मार्च १९७१ रोजी झाले. तेलाची जागतिक टंचाई पुढे दोन वर्षांनी आली आणि तिच्यामुळे गोबर गॅसला एकाएकी प्रतिष्ठा लाभली. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय स्तरावरचा बायोगॅस कार्यक्रम सुरू झाला, अनुदाने आली, उद्दिष्टे ठरली. त्या कागदांत अप्पांचे नाव शोधून सापडणे कठीण. त्यांचे काम पुढे गेले ते दुसऱ्याच वाटेने. देहू येथे १९५९ साली प्राथमिक आरोग्य केंद्रावर डॉ. सुहास मापुसकर नावाचे तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाले. तुकोबांच्या या गावात लोक उघड्यावर शौचास बसत आणि औषधांनी रोग हटत नसत. प्रचलित नमुन्याचे संडास त्यांनी बांधून पाहिले, ते पावसाळ्यात टिकले नाहीत. पुढे त्यांची गाठ अप्पांशी पडली आणि कणकवलीचा अनुभव देहूला आला. मापुसकरांनी तो नेटाने सुधारीत नेला. मैल्यावर चालणारी, माणसाचा हात लागू न देणारी मलप्रभा नावाची गॅसची रचना त्यांनी सिद्ध केली. २०१५ मध्ये ते निवर्तले आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. देहूत त्यांनी जी संस्था उभारली तिला आपले नाव दिले नाही. अप्पा पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन हे तिचे नाव.